दुपारी न जेवणारा पाचवा

बाबुभाईंच्या कामरेजच्या शेडमधला पाचवा हार्मोनिक सकाळी बायकांबरोबर कामावर यायचा आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच निघून जायचा. फरक एवढाच होता, की दुपारी बायका डबे उघडायच्या तेव्हा तो जेवायला थांबत नसे. या एका सवयीवरून मला त्याचा संशय आला. पण संशय येणं आणि तो चारचौघांत बोलून दाखवणं या माझ्या बाबतीत एकमेकींपासून फार लांबच्या गोष्टी आहेत. मधे अख्खी दिवाळी गेली.

हे प्रकरण काय आहे ते आधी सांगायला हवं, कारण मी काय काम करते हे माझ्या घरीही नीट कुणाला माहीत नाही. पप्पा प्रोसेस हाउसमध्ये फोल्डिंग खात्यात आहेत. कापड हातात धरता येतं, त्यामुळे त्यांचं काम सगळ्यांना कळतं. आई नातेवाइकांना सांगते, "ती लाइटचं काहीतरी मोजते." धुळ्याकडचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे मीटर रीडिंग?" आई माझ्याकडे बघते. मी मान हलवते. हलवलेल्या मानेचा अर्थ ज्याने त्याने लावावा, अशी माझी लहानपणापासूनची पद्धत आहे. इंग्रजी शाळेत, जिथे घरची अहिराणी तोंडातून निसटली तर वर्ग हसायचा, तिथे ती फार उपयोगी पडली.

तर, मी वीज किती वापरली ते मोजत नाही. ती किती मळली आहे ते मोजते. आपल्याकडे येणारी वीज झोपाळ्यासारखी असते, सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडे, एका लयीत. जुन्या मोटरी त्या लयीतच वीज घेत. आताची यंत्रं, विशेषतः मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, वीज घोट घोट घेतात. प्रत्येक घोटाला झोपाळ्याला हिसका बसतो, आणि हे हिसके मोठ्या लाटेवर बारीक लाटा होऊन बसतात. पाचपट वेगाची बारीक लाट म्हणजे पाचवा हार्मोनिक, सातपट वेगाची म्हणजे सातवा. ते फार वाढले की ट्रान्सफॉर्मर तापतो, मशीनची कार्डं जळतात, वीज कंपनीचा कागद येतो. माझं यंत्र, ज्याला आम्ही लॉगर म्हणतो, पॅनलवर जोडलं की हे सगळे हार्मोनिक लॅपटॉपवर उभ्या पट्ट्यांत दिसतात. मर्यादेत असले तर हिरव्या, बाहेर गेले तर लाल.

आमची कंपनी हे मोजमाप फुकट करते. फुकट का, असं कुणी विचारलं की आमचे मालक केतनसर म्हणतात, "सेवा छे." लाल पट्टी हिरवी करणारं कपाटाएवढं पॅनलही आम्हीच विकतो, हे ते सेवा झाल्यावर सांगतात. ज्या डॉक्टरचं स्वतःचं मेडिकल आहे त्याच्याकडे निरोगी माणूस सहसा सापडत नाही. आमच्याकडून हिरवा रिपोर्ट क्वचितच बाहेर पडे.

ग्राहकही एकेक असत. इच्छापोरच्या एका शेठना ऑडिटसाठी स्वच्छ रिपोर्ट हवा होता. त्यांनी मला सुट्टीच्या दिवशी बोलावलं. कारखान्यात वॉचमन आणि एक कुत्रा. "अत्यारे मापी लो बेन, एकदम शांती छे." मी मापलं. वॉचमनच्या टेबलफॅनचे हार्मोनिक अतिशय सज्जन निघाले. दुसऱ्या एकांनी पूर्ण रिपोर्ट वाचला, निदान पानं उलटली, आणि एकच शंका काढली: सगळी अक्षरं काळी आहेत, घरात लग्न आहे, निळी करता येतील का? केली. अशा वेळी वाद घालायचा नसतो, आणि मला तो घालता येत नाही. म्हणूनच केतनसर मला सगळीकडे पाठवायचे. "स्नेहलबेन बहु शांत छे," हे ते ग्राहकाला लॉगरच्या वैशिष्ट्यांपैकी एक असल्यासारखं सांगत.

आता राखाडी डबीबद्दल सांगते. ती नसती तर हा लेखही नसता.

लॉगर विजेकडे सतत बघत नाही. सेकंदाला काही हजार वेळा डोळा उघडतो, दिसलं तिथे ठिपका ठेवतो, आणि शेवटी ठिपके जोडून लाट काढतो. लाट संथ असेल तर चित्र बरोबर येतं. पण एखादी लाट इतकी घाईची असली, की दोन ठिपक्यांच्या मधे तिचं खाली-वर होऊनही गेलं, तर लॉगरला त्याचा पत्ताच लागत नाही. तो प्रामाणिकपणे ठिपके जोडतो आणि एक संथ, सुबक, साफ खोटी लाट काढून देतो. घाईच्या लाटेने असं संथ लाटेचं सोंग घेणं म्हणजे एलियासिंग. ते होऊ नये म्हणून, डोळा उघडण्याच्याही आधी, दाराशीच एक चाळणी बसवतात. फार घाईच्या लाटा ती बाहेरच थोपवते. हाच अँटी-एलियासिंग फिल्टर. तो आधीच लावावा लागतो. एकदा खोटी लाट आत शिरली आणि पाचव्याच्या जागेवर जाऊन बसली, की ती पाचवाच. तिच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं, आणि नंतर कितीही हुशार सॉफ्टवेअर आणलं तरी तिला वेगळं काढता येत नाही.

चांगल्या लॉगरमध्ये ही चाळणी पोटातच असते. आमचा लॉगर केतनसरांनी स्वस्तात जुळवून घेतला होता. त्याची चाळणी एका वेगळ्या राखाडी डबीत होती. डबी जोडायला जादा वायरी लागत, आणि जोडली की एखादी लाल पट्टी खाली बसे. हे दुसरं कारण केतनसरांना पुरेसं होतं. "डबी लगाने से मीटर ढीला पडता है," असं त्यांचं निदान. मी कामाला लागले तेव्हा डबी त्यांच्या टेबलावर कोटेशनच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलेली होती. वर पंखा असल्यामुळे ते काम ती चोख करत होती.

मी एकदा धीर करून म्हणाले होते, "सर, ती डबी..."

"हां हां, सांभाळीने. भारी छे," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

बाबुभाईंची शेड कामरेजला हायवेपासून आत. अर्ध्या शेडमध्ये त्यांची कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची मशीनं, दिवसरात्र चालणारी. उरलेली अर्धी त्यांनी सुनंदाताईंना भाड्याने दिलेली. सुनंदाताई शिंदखेड्याकडच्या. धाग्याला पीळ देणाऱ्या मशीनवर त्यांनी बरीच वर्षं दुसऱ्यांकडे काम केलं, मग बँकेचं कर्ज काढून स्वतःची, ड्राइव्हवर चालणारी मशीनं घेतली. नवरा टेम्पो चालवतो. धागा आणणं-पोचवणं त्याच्याकडे. कामाला आमच्या खान्देशातल्याच बायका, सकाळी येणाऱ्या आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला घरी जाणाऱ्या. दोन्ही शेडना वीज बाबुभाईंच्या एकाच पॅनलमधून. आणि छतावर बाबुभाईंचं सोलर, ज्याचा ड्रोनने काढलेला फोटो त्यांच्या ऑफिसात देवाच्या शेजारी लावलेला.

बाबुभाईंच्या मशीनची कार्डं जळू लागली. त्यांनी केतनसरांना बोलावलं, केतनसरांनी मला पाठवलं, मी समाईक पॅनलवर लॉगर लावला. डबीशिवाय. पाचवी पट्टी लालभडक, आणि तीही फक्त दिवसा. केतनसरांनी खुर्चीत बसल्या बसल्या गुन्हेगार पकडला. "बाबुभाई, तमारी मशीन तो रात्रेय चाले छे. दिवसा फक्त कोण चालतं?"

बाबुभाईंनी भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडून सुनंदाताईंच्या स्पिंडलचा, धागा पिळणाऱ्या चात्यांचा, आवाज येत होता.

उपाय दोन होते. एक, बाबुभाईंनी आमचं पॅनल घ्यावं. पण दुसऱ्याच्या मळासाठी आपण साबण का आणायचा, हा त्यांचा सवाल केतनसरांनाही खोडता आला नाही. दुसरा उपाय बाबुभाईंनी स्वतः काढला: सुनंदाताईंनी आपले ड्राइव्ह काढावेत, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत मशीनं उचलावीत. लाभपाचमला सुरतेतले कारखाने पुन्हा उघडतात. त्या मुहूर्तावर त्यांना शेड मोकळी हवी होती. ड्राइव्ह काढले तर मशीनं चालणार नव्हती. आणि दुसरी जागा शोधून तिथे वीजजोडणी मिळेपर्यंत मशीनं ताडपत्रीखाली ठेवायची, तर बायका तोवर दुसरीकडे गेल्या असत्या आणि बँक मात्र कुठेच गेली नसती.

लॉगर बघायला मी गेले तेव्हा सुनंदाताई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी फोनवर आईशी बोलत होते. त्यातलं एखादं वाक्य त्यांनी ऐकलं असावं.

"खान्देशनी शे का वं तू?"

मी मान हलवली.

"मंग सांग ना अंडेर, मन्या मशीनीस्नी काय गुन्हा करा?"

अंडेर म्हणजे मुलगी. आमच्या घरी मला तसं फक्त आजीच म्हणायची. मी म्हणाले, "अजून बघतेय," हे पुस्तकी मराठीत, आणि लॅपटॉपमध्ये तोंड घातलं. तेव्हाच जेवणाची सुट्टी झाली. त्यांची सगळी मशीनं थांबली, बायका डबे घेऊन दाराशी बसल्या, लसणाच्या चटणीचा वास आला. लाल पट्टी जागची हलली नाही.

मी दुसऱ्या दिवशीही त्या वेळेला बघितलं. सुनंदाताईंची मशीनं जेवत होती, पाचवा कामावर होता. शिवाय सातवा त्याच्यासोबत नव्हता. ड्राइव्हचे पाचवा आणि सातवा हे सख्खे भाऊ. एकटा पाचवा एवढा मोठा आणि सातवा एवढुसा, असं सहसा होत नाही. ऑफिसात येऊन मी केतनसरांना हे सांगितलं. ते कोटेशन लिहीत होते.

"लंच मां मोटर गरम रहे ने, बेन," ते म्हणाले. "गरमीचा हार्मोनिक असतो तो."

गरमीचा हार्मोनिक नावाची गोष्ट जगात नाही. मी "ओके सर" म्हणाले.

मग दिवाळी आली. पॅनल विकलं गेलंच तर आधीचा आणि नंतरचा फरक दाखवता यावा म्हणून लॉगर तिथेच ठेवायचं ठरलं, आणि मग तो ठेवला आहे हेच सगळे विसरले. कामगार गावी गेले. बाबुभाई सहकुटुंब गावी गेले. सुनंदाताईंच्या बाजूचा मेन स्विच खाली ओढून बाबुभाईंनी त्याला कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर नेली. बंद शेडमध्ये लॉगर मात्र इमानाने डोळे उघड-मीट करत राहिला.

लाभपाचमला सकाळी केतनसर मुहूर्ताच्या पेढ्यांसाठी आणि मी लॉगर काढून आणण्यासाठी, असे दोघं कामरेजला निघालो. निघताना मी त्यांच्या टेबलावरची डबी उचलून पर्समध्ये टाकली. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. मागे पंख्याने कोटेशनं उडाल्याचा आवाज आला. मी दार ओढून घेतलं.

शेडला तोरण, दारात रांगोळी, आत महाराज, नातेवाईक, शेजारचे कारखानदार. दाराबाहेर सुनंदाताईंच्या नवऱ्याचा टेम्पो, रिकामा. त्या स्वतः नव्या साडीत आपल्या बंद मशीनसमोर उभ्या होत्या, हातात हळदीकुंकवाचं ताट. जायचं असो की राहायचं असो, मुहूर्ताला मशीनची पूजा चुकवायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

बाबुभाईंच्या घरची रीत अशी, की मुहूर्ताला आधी जुना एअर कॉम्प्रेसर चालू करायचा. मशीनमधला कचरा हवेने उडवायचा साधा कॉम्प्रेसर, मोठं आऱ्यांचं चाक असलेला; त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं मशीन. नारळ फुटला, चाक फिरलं, बाबुभाईंनी फोनवर त्याचा व्हिडिओ घेऊन कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. टाळ्या, पेढे. तेवढ्यात फोन वाजला. भावनगरहून थोरले भाऊ.

"अल्या बाबु, मशीन ऊंधुं केम फरे छे?"

बाबुभाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. चाक खरंच उलटं फिरत होतं. मुहूर्ताच्या दिवशी, वर्षाच्या पहिल्या कामाला, उलटं. त्यांचा चेहरा पेढ्यासारखा झाला. चाकाकडे मात्र कुणी बघितलं नाही; सगळे व्हिडिओ बघत होते. इलेक्ट्रिशियन गणपतभाई धावत आले आणि मालकांनी सांगितलं म्हणून मोटरच्या दोन वायरी त्यांनी अदलाबदल करून लावल्या. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला, आणि आता तो खरोखर उलटा फिरू लागला. चाकाची हवा उलटीकडे जाऊ लागली, जळक्या तेलाचा वास आला, आणि थोड्या वेळाने तो आपोआप बंद पडला.

त्या शांततेत केतनसरांना स्फुरण चढलं.

"बाबुभाई, मी सांगत नव्हतो? पाचवां हार्मोनिक मोटरने ऊंधी फेरवे! किताब मां लखेलुं छे!"

वाईट हे, की किताबात ते खरंच लिहिलेलं आहे. पाचवा हार्मोनिक मोटरला उलट्या दिशेने ओढतो. पण तो ओढतो म्हणजे धावत्या टेम्पोला मागून एका माणसाने धरावं, तेवढंच. टेम्पो त्याने मागे जात नाही. केतनसर त्या पानापर्यंत आले होते, पुढच्या वाक्यापर्यंत नव्हते.

बाबुभाई ताड्ताड् भिंतीपलीकडे गेले. "बेन, बहु थयुं. आज ने आज मशीन उठावो. टेम्पो तो ऊभो ज छे."

सुनंदाताईंनी ताट खाली ठेवलं नाही. "शेठ, मेरा तो स्विच भी आपने बंद किया है."

"ए बधुं मने ना समजावो. रिपोर्ट आहे माझ्याकडे."

रिपोर्ट माझा होता. निदान माझ्या लॉगरचा होता. मी पॅनलपाशी लॅपटॉप उघडून बसले होते आणि समोर सुट्टीतले दिवस ओळीने उभे होते. सगळी शेड बंद, दोन्ही बाजू बंद, सुनंदाताईंच्या स्विचला कुलूप, आणि तरी रोज सकाळी पाचवा हळूहळू उगवत होता, दुपारी लालभडक होत होता, संध्याकाळी मावळत होता. मधे एक दिवस ढगाळ होतं, त्या दिवशी तोही मलूल. आता तो रोज कुठून येत होता हे लहान मुलालाही कळलं असतं.

मी उठून म्हणाले, "सर, हर मेन इज ऑफ." घाबरले की माझ्या तोंडातून इंग्रजी येतं. कुणी ऐकलं नाही. केतनसरांनी ऐकलं, पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बोलणाऱ्या लॉगरकडे बघावं. मग मी गुजरातीत म्हणाले, आणि ते माझ्या अंदाजापेक्षा बरंच मोठ्याने निघालं: "बाबुभाई, कॉम्प्रेसर ऊंधो नहोतो. तमारो फोन खोटो छे."

महाराजांसकट सगळे वळले.

आता मागे फिरायला जागा नव्हती. गणपतभाईंना मी वायरी पहिल्यासारख्या करायला सांगितल्या. ते मालकांकडे बघत होते, मालक चाकाकडे. कॉम्प्रेसर सुरू झाला, वास नाही, हवा जिकडे हवी तिकडे. "आता डोळ्यांनी बघा," मी म्हणाले, "आणि मग फोनमधून बघा."

बाबुभाईंनी फोन डोळ्यांसमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. चाक सरळ. फोनमध्ये उलटं. शेजारच्या कारखानदारांनीही आपापले फोन काढले.

"फोन सतत बघत नाही," मी सांगितलं. "सेकंदाला मोजक्या वेळा फोटो काढतो. दोन फोटोंच्या मधे चाकाचा आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या जरा अलीकडेपर्यंत जातो, तर फोनला वाटतं, मागेच आला."

"साळो कॅमेरो!" बाबुभाई म्हणाले. मग जरा थांबून: "भावनगर फोन करवो पडशे."

"आमचं मशीनही असंच बघतं," मी म्हणाले. "तुमच्या पॅनलवर काहीतरी फार घाईचं चालू आहे. आमचा लॉगर ते पकडू शकत नाही, म्हणून त्याला पाचवा म्हणतो. ते सुनंदाताईंचं नाही. सुट्टीत त्या नव्हत्या, ते होतं. जरा सोलर बंद करता का?"

हे मात्र त्यांना फार झालं. "मुहूर्तने दिवसे सूरज बंध?"

पेच खरा होता. सगळ्यांनी महाराजांकडे बघितलं. महाराजांनी पेढा संपवला, बोटं पुसली आणि निर्णय दिला: सोलर म्हणजे सूर्य नव्हे, सोलर म्हणजे मशीन. मशीन बंद करायला दोष नाही. सूर्य चालूच राहील.

गणपतभाईंनी सोलरचा स्विच खाली केला. लाल पट्टी बसली. खाली, हिरवी, सातव्याच्या शेजारी शहाण्यासारखी. स्विच वर, थोड्या वेळाने ती पुन्हा उभी राहिली. मग मी पर्समधून राखाडी डबी काढली आणि लॉगरच्या आधी जोडली. जादा वायरी होत्याच, त्या लावायला वेळ लागला. सोलर चालू, सूर्य चालू, आणि पाचवा हिरवा. जे घाईचं होतं ते डबीने दाराशीच थांबवलं होतं.

 केतनसर सगळ्यांत आधी सावरले. त्यांचं ते कौशल्य मला कधी जमणार नाही. "जोयुं?" ते पाहुण्यांना म्हणाले. "अमारी कंपनी किती खोल तपास करे छे!"

बाबुभाईंनी माफी मागितली नाही. खिशातून किल्ली काढली, स्वतः न जाता गणपतभाईंच्या हाती दिली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "लाभपाचम छे. आजे कोईनुं बारणुं बंध न रखाय." सुनंदाताईंनी कुलूप निघेपर्यंत वाट बघितली. मग मशीनना हळदकुंकू लावलं, नवऱ्याला टेम्पो घेऊन धागा आणायला पाठवलं, आणि मला हाक मारून हिरव्या बटणाकडे बोट दाखवलं. "दाब." मी दाबलं. कुणीतरी माझ्या हातावर गूळ ठेवला.

नंतर सोलरवाले आले. त्यांना त्यांच्या यंत्रातला एक कपॅसिटर फुगलेला सापडला. उन्हाची वीज झोपाळ्याच्या लयीत बसवताना यंत्र जी घाईची टिकटिक करतं ती आतल्या आत जिरवणं हे त्याचं काम, आणि ते तो करत नव्हता. तो बदलला, आणि कार्डं जळणं थांबलं. म्हणजे वीज खोटं बोलत नव्हती. तक्रार खरीच होती. आम्ही फक्त ती भलत्याच बाईच्या नावावर लिहिली होती. बाबुभाईंच्या मते मात्र कार्डं वाचली ती कॉम्प्रेसरसाठी नंतर फोडलेल्या दुसऱ्या नारळामुळे. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या असल्याने त्यांना खोडून काढणं शक्य नाही.

केतनसरांनी डबी पुन्हा पेपरवेट होऊ दिली नाही. आता आमच्या रिपोर्टमध्ये 'भूत तपासणी' नावाचं एक जादा पान असतं, त्यावर डबीचा फोटो आहे, आणि ते वेगळं आकारलं जातं. कोटेशनच्या गठ्ठ्यावर सध्या पितळी गणपती आहे.

एक गोष्ट मला सुटत नाही. त्या लॉगरने, डबीशिवाय, आधी किती कारखाने मोजले होते. त्यांतल्या काहींनी आमची पॅनल घेतली. ती आज घरघरत उभी आहेत, दसऱ्याला त्यांना हार पडतो. मी केतनसरांना म्हणाले, ते सगळे पुन्हा मोजायला हवेत.

"कोईए फरियाद करी?"

"नाही."

"तो?"

कुणी तक्रार करतच नाही, हाच तर घोटाळा आहे. कपाटाएवढं पॅनल घेतलेला माणूस सुखी असतो. तरी मी काही ना काही निमित्त काढून डबी घेऊन जाऊन येते. काहींचा पाचवा खराच होता, तेव्हा मला फार बरं वाटतं. काहींचा नव्हता. उधन्याच्या एका शेठना मी हळूच तसं सांगितलं, तर ते पॅनलवर हात ठेवून म्हणाले, "बेन, हे आल्यापासून घरात शांती आहे." मी लॉगर गुंडाळला.

सुनंदाताई अजून त्याच शेडमध्ये आहेत. भिंतीपलीकडे त्यांनी आणखी एक मशीन घेतलंय, आणि बाबुभाई पाहुण्यांना तेही आपलंच असल्यासारखं दाखवतात. या लेखासाठी संपादकांचा फोन आला, त्याच्या आसपास मला त्यांचा व्हॉइस मेसेज आला. आधी त्यांनी नव्या मशीनचा व्हिडिओ पाठवला होता. स्पिंडल सावकाश, ऐटीत, उलट्या फिरत होत्या. मग त्यांचा आवाज, मागे मशीनची घरघर:

"मनी बहीननी व्हिडिओ दखा नि म्हने, तुनं मशीन उलटं फिरी राह्यनं. मी म्हनं, मशीन सरळ शे. तुना मोबाइलले तेवढं झटपट दखता येत नही. बरोबर सांगं ना वं अंडेर?"

मी नेहमीप्रमाणे मान हलवली. मग लक्षात आलं, की मान हलवलेली पाठवता येत नाही. आई शेजारी भाजी निवडत होती. मी फोन तोंडाजवळ धरला, बटण दाबलं आणि म्हणाले, "हां माय. बरोबर सांगं."